परिशिष्ट ‘अ’मधील होकार

अनंत चतुर्दशीला गणपती गेले आणि दुसऱ्याच दुपारी डोंबिवली फलक व माजिवडा फलक यांच्यातील टपालव्यवहार बंद पडला. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही, असा खुलासा डोंबिवली फलकाचे सचिव त्र्यंबकराव यांनी कुणी विचारायच्या आतच करून टाकला.

फलक म्हणजे बुलेटिन बोर्ड. टेलिफोनच्या तारेवरून संगणक करकर आवाज काढत बोलायचे त्या काळात काही हौशी मंडळींनी एक संगणक डोंबिवलीत आणि एक ठाण्याच्या माजिवड्यात मांडला. सदस्यांनी आपापल्या फलकावर लिहायचं आणि दुपारी तीन वाजता दोन्ही संगणकांनी एकमेकांना पासवर्ड सांगून टपालाची अदलाबदल करायची. पुढे तार गेली, इंटरनेट आलं, नातवंडं हसायला लागली, पण टपाल तीनलाच बदलत राहिलं. आपल्याकडे जाहिराती नाहीत आणि सुप्रभातची फुलं नाहीत, याचा सदस्यांना भारी अभिमान होता.

शुभदाबाई या फलकाच्या जुन्या सदस्य. गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, यजमानांना जाऊन बरीच वर्षं झालेली. बागकामाच्या सदरात त्यांचा माजिवड्याच्या रघुनाथ भोईरांशी अनेक वर्षांचा पत्रव्यवहार होता. भोईरांच्या भातशेतीवर आता टॉवर उभा होता, आणि वरच्या मजल्याच्या गच्चीत ते एकटे भाजीपाला पिकवत होते. जागेचे दलाल दिवसभर फोन करत म्हणून त्यांनी मोबाईल कायमचा टाकून दिला होता. ते दर वेळी ‘शुभदाताई’ अशी सुरुवात करत. गणपतीत आलेल्या पत्रात मात्र ‘ताई’ नव्हतं.

‘शुभदा, गच्चीत पडवळ लागलेत. खानारा मी एकटाच. तुम्हीपन एकट्याच. लग्नाचा इचार करा. दसऱ्यापर्यंत उत्तर नाय आलं तर नकार समजन. राग नाय.’

शुभदाबाईंनी विसर्जनापर्यंत विचार केला. त्यांना आनंद झाला होता, आणि या वयात तो इतका होतो याची लाजही वाटली होती. मग त्यांनी लिहिलं, ‘रघुनाथराव, पडवळ मला आवडत नाही. तरी हो.’ आणि हे टपाल डोंबिवलीच्या संगणकात अडकलं. पडद्यावर एकच ओळ होती: पासवर्ड जुळत नाही.

“आमचा पासवर्ड बरोबर आहे,” त्र्यंबकराव फोनवर म्हणाले. “तोच आहे, पहिल्यापासूनचा.”

“काका, आमचापन तोच आहे ना, कळवलेला,” माजिवड्याचा संगणक सांभाळणारा कमलेश म्हणाला.

“तोच म्हणजे कोणता?”

“फोनवर बोलायचा नाय, नियम आहे. तुमीच केलेला.”

नियम खरोखरच त्र्यंबकरावांनी केलेला असल्यामुळे त्यांना बरं वाटलं. मग दोघांनी एकमेकांना आपला पासवर्ड तोच असल्याचं बराच वेळ सांगितलं. खरं काय ते असं, की दर वर्षी गणपतीनंतर पासवर्ड बदलावा या आजवर कुणीच न पाळलेल्या दुसऱ्या नियमाप्रमाणे कमलेशने तो यंदा प्रथमच बदलला होता, आणि नवा पासवर्ड तिसऱ्या नियमाप्रमाणे फलकाच्याच टपालाने डोंबिवलीला कळवला होता. ते टपाल माजिवड्यात अडकलं होतं. पोचण्यासाठी त्याला नवा पासवर्ड लागत होता.

“मग तुम्ही दोघं भेटून नवीनच ठरवा ना,” शुभदाबाई म्हणाल्या.

“पितृपंधरवडा लागलाय,” त्र्यंबकराव म्हणाले. “या दिवसांत नवीन काही घेत नाहीत. तुम्ही काळजी करू नका, आज-उद्याकडे होऊन जाईल.”

हे ‘आज-उद्याकडे’ फार वाईट. ते नसतं तर शुभदाबाईंनी साधं पोस्टाचं पाकीट तरी टाकलं असतं.

पंधरवड्यावर तोडगा निघाला तो मोठेपणातून. नवा पासवर्ड घ्यायचा नाही, पण दुसऱ्याचा वापरातला घ्यायला शास्त्राची हरकत नसावी, असं त्र्यंबकरावांच्या मनात आलं. दुर्दैवाने तेच त्याच दिवशी कमलेशच्याही मनात आलं. दोघांनी आपापला पासवर्ड मोहोरबंद पाकिटातून एकमेकांना पाठवला. पाकिटं पोचली. दोघांनाही समोरच्याचा दिलदारपणा पाहून भरून आलं. आपण कसे मागे राहायचे, म्हणून डोंबिवलीने माजिवड्याचा पासवर्ड घेतला आणि माजिवड्याने डोंबिवलीचा. दुपारी तीन वाजता तो पुन्हा जुळला नाही.

“तुम्ही कशाला बदललात? आम्ही बदलला होता ना,” त्र्यंबकराव म्हणाले.

“काका, तुमी वडीलधारे. तुमाला बदलायला लावणं बरं दिसतं का?”

एकाने बदलायचा आणि दुसऱ्याने गप्प बसायचं, हा उपाय शुभदाबाईंनी सुचवला. पण गप्प बसणाऱ्याचा मान राहत नाही, असं दोन्ही बाजूंचं मत पडलं. शेवटी घटस्थापनेला संयुक्त सभा कल्याणला घ्यायची ठरली. ठाणेकर ठाण्यातच अडून बसले होते आणि डोंबिवलीकर डोंबिवलीतच, त्यामुळे दोघांनाही गैरसोयीचं कल्याण हे सर्वांना तटस्थ वाटलं.

सभेपुढे तक्रार यायची तर अडलेल्या टपालाचा नमुना जोडावा लागतो. शुभदाबाईंनी नाही म्हटलं. “खासगी आहे हो ते.”

“म्हणून तर वर ‘गोपनीय’ असं छापलंय,” त्र्यंबकराव म्हणाले, आणि त्यांनी परिशिष्ट ‘अ’च्या प्रती प्रत्येक सदस्याच्या खुर्चीवर ठेवल्या.

सभागृहात कागदांची सळसळ झाली आणि मग सगळे अत्यंत सभ्यपणे पंख्याकडे बघायला लागले. शुभदाबाईंना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. शेजारच्या हेमांगीताई हळूच म्हणाल्या, “पडवळात डाळ घालून बघा, चांगलं लागतं.” रघुनाथराव सभेला नव्हते. त्यांना सभेची सूचना फलकाच्या टपालाने गेली होती.

“निदान तुम्ही तरी त्यांना सांगाल?” शुभदाबाईंनी धीर करून कमलेशला विचारलं. “त्यांच्या घराजवळच राहता.”

कमलेशला सांगायचं होतं. त्याने सभेला तसं विचारलंही. त्यावर चर्चा होऊन ठराव झाला, की परिशिष्टातील मजकूर कोणत्याही अनधिकृत व्यक्तीस कळवू नये, आणि रघुनाथ भोईर यांना हे टपाल अधिकृतपणे मिळालेलं नसल्याने तूर्त तेही अनधिकृत होत. ठराव एकमताने झाला. शुभदाबाईंचा हात वर नव्हता, पण तो मोजताना दिसला नाही.

त्यानंतर नवा पासवर्ड ठरला, टाळ्या पडल्या. कामकाज पारदर्शक असावं म्हणून तो इतिवृत्तात ठळक अक्षरात छापून सर्वांना वाटला गेला. तो पहिल्यांदा वापरायच्या आतच त्र्यंबकरावांच्या लक्षात आलं, की सर्वांना माहीत असलेला पासवर्ड सुरक्षित नसतो. त्यांनी तो तातडीने बदलला, आणि तसं माजिवड्याला फलकाच्या टपालाने कळवलं.

दसऱ्याच्या सकाळी शुभदाबाईंनी ठेवणीतली साडी काढली, आपट्याची पानं पिशवीत घातली आणि त्या स्वतः माजिवड्याला गेल्या. होकार द्यायला आपल्या पायांनी जावं लागतंय, याचा त्यांना राग येत होता आणि उशीर झाला तर, याची धास्ती वाटत होती. टॉवरच्या फाटकात साईनाथ नावाचा रखवालदार बसला होता.

“कोड सांगा काकू.”

“कसला कोड?”

“आत जायचा. घरमालक ॲपवरून पाठवतात. नसेल तर मी रिक्वेस्ट टाकतो, ते मोबाईलवर हो म्हणतील.”

“ते मोबाईल वापरत नाहीत.”

“हां, म्हणजे भोईरकाका.” साईनाथने एकदा साडीकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे. “तुमी त्या पडवळवाल्या काकू ना? आवडत नाय, तरी हो? आमच्या ग्रुपवर आलं होतं. पूर्ण बिल्डिंगने वाचलं.”

शुभदाबाईंनी पिशवी खाली ठेवली. “आणि त्यांना कुणी सांगितलं?”

“आता दुसऱ्याचं पत्र,” साईनाथ ओशाळून म्हणाला. “आपण कसं सांगायचं? आज सकाळपासून ते तीनदा खाली आले. माजं काय टपाल आलंय का, विचारत होते. मी म्हटलं, नाय.”

त्याने त्यांना बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि ॲपवर रिक्वेस्ट टाकली. उत्तर आलं, घरमालकाच्या होकाराची प्रतीक्षा आहे. वर अकराव्या मजल्यावर पडवळाचा वेल कठड्याबाहेर लोंबत होता. शुभदाबाईंनी एकदा हाकही मारली, पण हायवेच्या आवाजात ती पहिल्या मजल्यापर्यंतही गेली नाही.

त्या अजून तिथे बसल्या आहेत. दसरा संध्याकाळपर्यंत आहे. त्यांचा होकार आता डोंबिवलीला माहीत आहे, कल्याणला माहीत आहे, माजिवड्याला माहीत आहे. परिशिष्ट गोपनीय असूनही तुम्ही ते शेवटपर्यंत वाचलंत, तेव्हा तुम्हालाही माहीत आहे. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल, तर अकराव्या मजल्यावर तेवढा निरोप द्याल का?

राहू द्या. तुम्ही तरी कसं सांगणार? दुसऱ्याचं पत्र.