चार मिलिमीटर

जगातले बहुतेक तंटे जागेवरून होतात, आणि तंट्यातली जागा नीट मोजून पाहिली तर ती सहसा चार मिलिमीटरहून जास्त भरत नाही. हे सत्य वजनमापे तपासणी कार्यालयातल्या एका निरीक्षकाला बावीस वर्षांच्या नोकरीत कळले नाही, कारण नोकरीत त्याला नेहमी दुसऱ्यांची मापे तपासावी लागत. ते त्याला कळले घरी, जिन्याखाली, गुडघे टेकून आणि सायकलच्या चाकाला गाल लावून बसला असताना.

सायकल अर्थातच शर्यतीची होती. निरीक्षकाचे वय सत्तेचाळीस, कार्यालय घरापासून सहा किलोमीटर, वाटेत सात सिग्नल आणि एक रेल्वे फाटक. अशा माणसाला शर्यतीच्या सायकलची किती निकड असते ते वेगळे सांगायला नको. दुकानदाराने ती दोन बोटांवर उचलून दाखवली होती आणि म्हणाला होता, "साहेब, हिच्यात फालतू जागाच ठेवलेली नाही." ते अक्षरशः खरे होते. सायकलला कॅरिअर नव्हता, स्टँड नव्हता, घंटी नव्हती आणि मडगार्ड तर नव्हतेच. मडगार्ड लावायला भोकेसुद्धा नव्हती. मडगार्डचा विचारही कुणाच्या मनाला शिवू नये इतकी काळजी बनवणाऱ्यांनी घेतली होती. जितक्या वस्तू कमी तितकी सायकल भारी, असा या क्षेत्रातला दंडक आहे. (भारी म्हणजे वजनाला हलकी.)

पहिल्या महिन्याच्या नोंदी पुढीलप्रमाणे आढळल्या. सायकल गाठू शकते तो वेग: ताशी चाळीस किलोमीटर. निरीक्षकाने गाठलेला वेग: ताशी चौदा किलोमीटर. तफावतीचे कारण: बायको.

बायको शाळेत शिक्षिका होती आणि तिची शाळा निरीक्षकाच्या कार्यालयाच्या अलीकडे, त्याच रस्त्यावर होती. तिची सायकल सरळ दांड्याची, पुढे जाळीची टोपली असलेली, आणि मुळात तिच्या मावशीची. तिला दोन्ही चाकांवर लांबलचक पत्र्याची मडगार्डे होती आणि मागच्या मडगार्डाला खाली रबरी झालरही होती. निरीक्षकाकडे जुनी, मडगार्डवाली सायकल होती तेव्हापासून रोज सकाळी सात वीसला दोघे निघत. निरीक्षक पुढे, बायको मागे. शाळेपर्यंतची ही पंचवीस मिनिटे म्हणजे दिवसातला एवढाच वेळ, जेव्हा दोघांची तोंडे एका दिशेला असत. ती मागून बोले, तो पुढून हुंकार देई. ही पंचवीस मिनिटे त्याला जिवापाड आवडत. तसे त्याने तिला कधी सांगितले नव्हते. मान पुढे असल्यामुळे राहून गेले होते.

मग रस्ते ओले झाले.

मडगार्ड नसलेले चाक रस्त्यावरचे पाणी निःपक्षपातीपणे दोन ठिकाणी पोचवते: एक, स्वाराच्या पाठीवर पट्ट्यापासून कॉलरपर्यंत, आणि दोन, मागून येणाऱ्याच्या तोंडावर. निरीक्षकाची पाठ पाहून कार्यालयातल्या शिपायाने "साहेब, मागून गाडीबिडी गेली का अंगावरून?" अशी आपुलकीने चौकशी केली. पाठ निरीक्षकाला स्वतःला दिसत नव्हती, त्यामुळे त्याने ते फारसे मनावर घेतले नाही. पण एकोणीस वर्षांच्या संसारात ज्याने बायकोवर कधी शब्दानेही चिखलफेक केली नव्हती, तो आता रोज सकाळी पंचवीस मिनिटे, न थांबता, तेवढेच करत होता.

बायकोने तीन आठवडे सहन केले. चौथ्या आठवड्यात, एकवीस तारखेला, ती घरी आली ती बूट न काढताच बोलली.

"आज वर्गात एका पोरीनं विचारलं, बाई, तुम्हाला गोवर आलाय का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, गोवर नाही, नवरा. अहो, एक तारखेपासून मी बसनं जाणार आहे. सात दहाची आहे. नाहीतर त्या चाकावर काहीतरी घाला."

निरीक्षकाने हिशेब केला. बस म्हणजे पंचवीस मिनिटे गेली. पण चेहरा सरकारी ठेवून त्याने "प्रकरण विचारात घेतो" असे सांगितले आणि त्याच संध्याकाळी बाजारातले सर्वांत अरुंद, सर्वांत पातळ मडगार्ड घेऊन आला. स्क्रूसकट त्याची जाडी सहा मिलिमीटर होती.

आता मापन. इथे निरीक्षक आपल्या हक्काच्या जागी आला. बावीस वर्षे ज्याने इतरांचे काटे, लिटर आणि मीटर खोटे ठरवले, त्याला चाक आणि ब्रेक यांच्यामधली फट मोजणे म्हणजे हातचा मळ होता. त्याने कार्यालयातून बारीक मापे घेणारा व्हर्निअर आणला (नोंद करून). मापनाचा पहिला नियम, जो त्याने शेकडो दुकानदारांना तोंडावर ऐकवला होता, तो असा: माप तपासण्यापूर्वी भांडे पूर्ण रिकामे करावे. निरीक्षकाने नियमाला अनुसरून टायर पूर्ण रिकामा केला. हवा फुस्स करून बाहेर गेली. मग त्याने चाक अधांतरी धरले, गाल चाकाला लावला, तीन वेळा मोजले आणि सरासरी काढली. फट: आठ मिलिमीटर. मडगार्ड: सहा. दोन मिलिमीटर शिल्लक. त्याने वहीत "पुरेशी" असे लिहून खाली सही केली.

पुढचे सहा दिवस संध्याकाळी पाच ते सात कामकाज चालले. मडगार्डच्या तारा धरायला सायकलला भोके नव्हती, म्हणून प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळल्या. पट्ट्यांनी रंग खरवडू नये म्हणून त्याखाली जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. तुकडे घसरू नयेत म्हणून त्यावर पुन्हा पट्ट्या आवळल्या. पुढचे मडगार्ड वळताना बुटाच्या टोकाला लागत होते, त्यावर "उजवीकडे वळू नये" असा तात्पुरता निर्णय झाला. (कार्यालय डावीकडे आहे. घर उजवीकडे आहे, पण संध्याकाळी उतरून हाताने वळवता येते.) सहाव्या दिवशी मडगार्ड इतके सुबक बसले, की निरीक्षकाने बायकोला मुद्दाम जिन्याखाली बोलावून दाखवले. सातव्या दिवशी त्याने टायरमध्ये हवा भरली.

टायर फुगला. त्याने मडगार्ड वर ढकलले, मडगार्डाने ब्रेक ढकलला, आणि चाक जे अडकले ते हलेना. शर्यतीच्या इतिहासात इतका जबर ब्रेक कुणाला लाभला नसेल. निरीक्षकाने पुन्हा फट मोजली. भरलेल्या चाकाची फट होती चार मिलिमीटर.

तो मोठ्याने हसू लागला, ते ऐकून बायको जिन्यातून वाकली.

"काय झालं?"

"मी टायर रिकामा करून मोजला."

"का?"

"नियम आहे."

"अहो, पण तुम्ही रिकाम्या टायरवर बसून जाणार होतात का?"

"एखाद्या दुकानदारानं असं केलं असतं तर मी त्याला दंड केला असता."

"मग करा की स्वतःला. पावती मात्र माझ्या नावानं फाडू नका." असे म्हणून ती गेली, पण जाताना हसत होती, आणि निरीक्षकाला वाटले की अजून वेळ गेलेली नाही. हातात दोन दिवस होते.

या दोन दिवसांत पुढील पर्यायांची छाननी झाली. टायरमध्ये हवा कमी ठेवणे: चाक फिरते, पण सायकल चालवताना बैलगाडी ओढल्यासारखे वाटते. ओला रस्ता टाळणे: रस्ता एकच आहे. बायकोने पुरेसे अंतर राखणे: प्रत्यक्ष चाचणीत पाण्याचा मारा सहा मीटरपर्यंत आढळला, आणि सहा मीटरवरून बायकोचे बोलणे ऐकू येईना. (काही नवरे यालाच तोडगा म्हणतील. निरीक्षक त्यांतला नव्हता.) शेवटी, ब्रेकखालचा मडगार्डाचा भाग कापून टाकणे. त्यासाठी तो नाक्यावरच्या सायकल मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्रीने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, सायकलभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "पाणी कुणावर उडतं?"

"घरच्यांवर. त्या मागे असतात."

"त्यांच्या सायकलला मडगार्ड आहे?"

"झालरीसकट."

"मग त्यांना पुढं घाला. तुम्ही मागं राहा. कापायचं कशाला?"

"अहो, ही शर्यतीची सायकल आहे."

"असेल. पण वेग तर त्यांचाच धरता ना? मग शर्यत कुणाशी?"

पुढे का जायचे, हे निरीक्षकाने आयुष्यात कधी मोजलेच नव्हते. बायको मागे असते, हे त्याला चाक गोल असण्याइतके साहजिक वाटे. तरीही तो तसूभर मागे हटला नाही. (तसू हे माप खात्याने केव्हाच रद्द केले आहे. माणसे अजून त्यातच अडून बसतात.) "तुम्ही कापा," तो म्हणाला. मिस्त्रीने कापले. ब्रेकच्या पुढे एक तुकडा, ब्रेकच्या मागे एक तुकडा, आणि मागचा तुकडा, आधाराला काही नसल्यामुळे, अर्धाच.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, पाणी साचलेल्या रस्त्यावर, अंतिम चाचणी घेण्यात आली. निरीक्षक पुढे, बायको मागे. शाळेच्या फाटकाशी उतरल्यावर निरीक्षकाने हात मागे नेऊन पाठ चाचपली. कोरडी! नऊ दिवसांची मेहनत फळाला आली होती. त्याने ती कोरडी पाठ तिथल्या तिथे थोपटून घेतली, "यशस्वी!" असे जाहीर केले आणि मग मागे वळून पाहिले.

अर्धवट मडगार्ड पाठीकडे जाणारे पाणी चोख अडवत होते आणि सगळे गोळा करून टोकावरून मागे सोडत होते. पूर्वी बायकोच्या तोंडावर ठिपके उडत. आता धार लागली होती.

"पाठ कोरडी आहे तुमची?" तिने डोळे पुसत विचारले.

"हो," निरीक्षक म्हणाला, कारण खोटे बोलायची सवय नव्हती.

"छान झालं," ती म्हणाली. ती चिडली असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवसापासून ती सात दहाच्या बसने जाऊ लागली.

निरीक्षक आता मोकळा होता. पहिल्या दिवशी तो इतका सुसाट गेला, की कार्यालयाचे कुलूप उघडायच्या आधी पोचला आणि पायरीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी रेल्वे फाटकाशी त्याला काहीतरी सांगावेसे वाटले म्हणून त्याने मान वळवली, तर मागे पाण्याचा टँकर होता. टँकरला सांगण्यासारखे ते नव्हते. पाचव्या दिवशी तो सिग्नलला उगाच हुंकार देऊन गेला आणि शेजारच्या स्कूटरवाल्याने त्याच्याकडे संशयाने पाहिले. त्याला करमेना. घरात जेवताना दोघे बोलत होतेच, पण ते गॅस, दूध, इस्त्री असे. तिचे शाळेतले, तिच्या मनातले, जे काही होते ते सगळे त्या पंचवीस मिनिटांत येत असे, आणि ते सगळे आता सात दहाच्या बसमध्ये चढून जात होते.

बाराव्या दिवशी तो चहा घेता घेता म्हणाला, "मी मागे राहीन."

"कुठं?"

"तुझ्या मागे. सायकलवर."

"शर्यतीच्या सायकलवर?"

"हो."

बायकोने कप खाली ठेवला. "हे त्या मिस्त्रीनं सांगितलं होतं ना तुम्हाला? बाजारात भेटले होते ते मला."

"हो."

"आणि तरी तुम्ही पत्रा कापून आणलात."

"प्लॅस्टिक," निरीक्षकाने दुरुस्ती केली, आणि लगेच ओशाळला.

तिने सात दहाची बस जाऊ दिली, आणि सात वीसला दोघे निघाले. बायको पुढे, निरीक्षक मागे. झालरीने चोख काम केले. त्याच्या तोंडावर थेंबसुद्धा आला नाही. पण पहिल्याच वळणाशी त्याच्या लक्षात आले की ती मध्येच डावा हात खाली सोडून बोटाने रस्त्याकडे काहीतरी दाखवते आहे. पुन्हा थोड्या अंतरावर तसेच. तिसऱ्या वेळी तो बोटाने दाखवलेल्या खड्ड्यात गेला, तेव्हा त्याला कळले.

"हे कशाला करतेस?" त्याने मागून ओरडून विचारले.

"मागच्याला कळावं म्हणून! पुढं असणाऱ्यानं दाखवायचं असतं!"

"तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही! इतकी वर्षं तुमच्या मागं, सगळ्या खड्ड्यांत जाऊन शिकले!"

निरीक्षकाला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने हुंकार दिला नाही, कारण मागून दिलेला हुंकार पुढे ऐकू जात नाही, हेही त्याला त्याच दिवशी समजले. ती पंचवीस मिनिटे बोलत राहिली आणि तो पंचवीस मिनिटे ऐकत राहिला. मडगार्डचे उरलेले तुकडे त्याने त्या संध्याकाळी काढून जिन्याखाली ठेवले. चाक आणि ब्रेक यांच्यामधली चार मिलिमीटर जागा पुन्हा रिकामी आहे, आणि तिथे कशाचीच गरज नाही.

ज्या वाचकांकडे सायकल नाही, त्यांना या प्रकरणाशी आपला संबंध नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांनी एकदा हात मागे नेऊन आपली पाठ चाचपून पाहावी. कोरडी लागली तर लगेच थोपटून घेऊ नये. आधी मागे वळून बघावे. आणि मागे कुणीच दिसले नाही, तर रस्ता मोकळा आहे असे समजू नये. बस किती वाजता सुटते, ते विचारून घ्यावे.