ठिबकवाले नाना

धुळ्यात आमच्या कॉलनीच्या मैदानावर पळून आल्यावर तुम्ही बाटली तोंडाला लावलीत, की तिसऱ्या घोटाला ती हातातून जाते. चोर नसतो. नाना असतात.

नाना पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. जन्मभर शेतांना पाणी मोजून दिलं, आता माणसांना देतात. "पाट सोडू नको, ठिबक लाव!" हा त्यांचा मंत्र. निघण्याआधी अर्धा पेला, दर दोन फेऱ्यांना दोन-तीन घोट, आणि फारच घाम गेला तर त्यात चिमूटभर मीठ-साखर. वर "केळीलेबी इतलं समजस", म्हणजे केळीच्या झाडालाही एवढं कळतं, हेही ऐकावं लागतं.

मी पहिल्याच दिवशी ईर्षेने पाच फेऱ्या पळालो आणि अख्खी बाटली घशात रिकामी केली. सहाव्या फेरीत पोटात अशी खळखळ सुरू झाली, की शेजारून चालणाऱ्या बाई दचकून बाजूला झाल्या. नाना बाकावरून ओरडले, "डबकं करी टाकं रे यानी!" त्या दिवसापासून मी ठिबकवर आहे. एक पैलवान गडी हंड्याएवढी बाटली घेऊन आला, तर त्याला त्यांनी फाटकातच विचारलं, "बागले पाणी देवाले उना का?"

गंमत म्हणजे नाना स्वतः दोनच फेऱ्या मारायचे. मग बाकावर बसून दोन मोठ्या बाटल्या सावकाश, डोळे मिटून संपवायचे. "फिरायला नाही, प्यायलाच येतात," असं आम्ही त्यांच्या पाठीमागे म्हणायचो.

ऐन मे महिन्यात नानांचा पाय मुरगळला आणि ते तीन दिवस दिसले नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो, तर नाना खाटेवर आडवे, ओठांना पापुद्रे आलेले. डॉक्टर नुकतेच रागावून गेले होते, अंगात पाणीच नाही म्हणून! साऱ्या मैदानाला पाणी प्यायला शिकवणारा माणूस पाण्यावाचून सुकला होता. मला हसू आवरेना.

"काय नाना, दिव्याखाली अंधार?"

खुर्चीत सुजलेले पाय वर घेऊन बसलेल्या त्यांच्या पत्नी, अक्का, बोलल्या.

"भाऊ, मनी किडनी खराब शे. डाक्टरनी माले मोजीसन पाणी पेवाले सांगेल शे. तवयपासून ह्या घरमा पाणी पेतस नही. बठ्ठं मैदानवर पीसन येतस."

पाणी मोजून प्यावं लागणाऱ्या अक्कांसमोर नाना घरात घोटही घेत नव्हते; सगळं मैदानावर पिऊन यायचे. माझं हसू जागच्या जागी वाळलं. स्वतःची लाज वाटली.

"माठमाईन पेला भरी द्या त्यासले," अक्का म्हणाल्या.

ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ होता. भरलेला पेला धरून माझी बोटं गारठली. नानांनी तो घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तिकडे नही," अक्का म्हणाल्या. "मनासमोर प्या."

नाना अक्कांकडे वळले आणि त्यांच्यासमोरच प्यायले. अक्का त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघत होत्या. पेला संपेपर्यंत त्यांची पापणी लवली नाही. नकळत त्यांनी स्वतःच्या कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"गार शे का?" त्यांनी विचारलं.

"नही व," नाना म्हणाले. "कोमटच शे."