टेबलावरचं पोळं

"बारा सुरांत काय होतंय? मी एकतीस बसवतो!" असं फूटपट्टीनं जाहीर केलं तेव्हा ऐकायला घरात पंख्याशिवाय कुणी नव्हतं. पंख्यानं हरकत घेतली नाही. काम सुरू झालं.

फूटपट्टी हे त्याचं ऑफिसातलं नाव. जन्मभर नकाशे काढले, खिशात कायम पट्टी. निवृत्त झाल्यावर ऑफिस सुटलं, नाव चिकटून राहिलं. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. ती काही गायिका नव्हती. कपड्यांच्या घड्या घालताना एक बिनशब्दांची ओळ गुणगुणायची, एवढंच. कुणी मोबाइल समोर धरला की गप्प! त्यामुळे ती ओळ कुठेच साठवलेली नव्हती. होती फक्त फूटपट्टीच्या कानात, आणि कानही आता त्याच्याइतकाच थकलेला. हल्ली ओळीतला शेवटचा सूर कधी आठवायचा, कधी नाही. एकदा पुरता गेला की गेलाच.

कीबोर्डावर तो सूर मिळेना. एक पट्टी दाबली की वर, शेजारची दाबली की खाली. बाई नेमकी दोघींच्या मधल्या फटीत जाऊन बसली होती!

म्हणून त्यानं स्वतःच कीबोर्ड आखायला घेतला. फटीतलेही सूर हवेत, तेव्हा सप्तकात बाराऐवजी एकतीस. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रद्द. सगळी बटणं सारखी, षटकोनी, एकमेकांना खेटून. उजवीकडे एक घर सरकलं की सूर दरवेळी तेवढाच चढणार, तिरपं वर गेलं की दरवेळी तेवढाच. म्हणजे ओळ कुठूनही सुरू करा, बोटांच्या चालीचा आकार तोच. आखणी झाली फक्कड, पण दिसायला हुबेहूब मधमाशांचं पोळं. तो तिला पोळंच म्हणू लागला आणि तिथेच घोटाळा झाला.

शेजारी एक नर्सबाई राहायच्या. एके सकाळी त्यांनी अर्धवट उघड्या दारातून विचारलं, "काका, मघापासून खटखट कसली?"

"पोळं बसवतोय."

"पोळं? घरात?"

"जेवायच्या टेबलावर. दुसरीकडे मावतंय कुठे?"

"अगंबाई! किती आहेत त्यात?"

"एकशे चोवीस. आणखी बसवली असती, पण टेबल पुरेना."

"आणि चावणार नाहीत?"

मागे पंखा घरघरत होता. फूटपट्टीला 'चालणार' असं ऐकू आलं.

"न चालायला काय झालं? दुपारी बघा, कशी गुणगुणायला लागतात!"

नर्सबाई दोन पावलं मागे सरकल्या. एकट्या पडलेल्या माणसांचं काय काय होतं हे त्यांनी वॉर्डात पाहिलं होतं. पण हे नवीन होतं.

दुपारी पोळं जोडून झालं. फूटपट्टीनं एक बटण दाबलं, मग दोन घरं उजवीकडे, एक तिरपं वर, आणि अंदाजानं चाचपडत डावीकडे. पहिल्यांदा चुकलं, मग पुन्हा चुकलं, आणि मग... सापडला! तोच! त्यानं त्या बटणावर पेन्सिलीनं ठिपका दिला आणि खात्रीसाठी पुन्हा दाबलं. या खेपेला बटण वर आलंच नाही. आतली स्प्रिंग रुसली होती. सूर आपला चालूच.

स्विच बंद करायला हवा होता. पण हात होईना. कितीतरी दिवसांनी तो सूर घरात आला होता, त्याला लगेच जा कसं म्हणायचं? "बस तू. स्प्रिंग घेऊन आलोच," असं टेबलाला सांगून तो बाहेर पडला. मोबाइल घरातच राहिला.

इकडे नर्सबाईंनी दाराला कान लावला. आत अखंड गुणगुण! त्यांनी फूटपट्टीच्या मुलीला फोन केला. मुलीनं बाबांना केला. तो टेबलावर वाजला आणि गुणगुणीत भरच पडली. मुलगी तिच्याकडची किल्ली घेऊन धावली.

फूटपट्टी परतला तेव्हा जिन्यात अर्धी इमारत जमली होती. त्याच्याच दारातून डोक्याला जाळी, पाठीला टाकी बांधलेला एक माणूस बाहेर येत होता.

"बाबा! कुठे होतात? चावल्या तर नाहीत ना?" मुलीनं त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"काय चावल्या?"

"काळजी नको, साहेब," फवारणीवाला म्हणाला. "भयंकर प्रकार होता. टाकी रिकामी केली तरी आवाज थांबेना. शेवटी म्हटलं, शॉक नको बसायला, मेन स्विच बंद करावा. बंद केला, आणि एका क्षणात सगळ्या मेल्या!"

फूटपट्टी आत गेला. पोळं न्हाऊन निघालं होतं. औषधाच्या तेलानं अडकलेलं बटण छान मोकळं झालं होतं. पेन्सिलीचा ठिपका वाहून गेला होता. एकशे चोवीस बटणं, सगळी सारखी, सगळी चकचकीत. तो खुर्चीत बसला. चिडायलाही अंगात काही उरलं नव्हतं.

"कशाला केलंत हे, बाबा?"

त्यानं सांगितलं. मुलगी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली.

"घड्या घालतानाची ओळ ना?" आणि ती गुणगुणली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता.

"तुला येते?"

"मलाही घड्या घालाव्या लागतात, बाबा."

"पण तुझा आवाज वरचा. तिचं बटण वेगळं होतं..." तो बोलता बोलता थांबला. आपलीच आखणी आपण विसरलो! कुठूनही सुरू करा, आकार तोच. त्यानं पोळं पुसलं, नर्सबाईंनी मेन स्विच लावला. मुलीनं पहिला सूर धरला, त्यानं तो बटणांत शोधला. दोन घरं उजवीकडे, एक तिरपं वर, मग डावीकडे. मुलगी चालीबरोबर गात होती. शेवटच्या सुरावर दोघंही एकाच वेळी पोचले आणि तिथेच थांबून राहिले.

फवारणीवाला जाळी काढून दारात उभा होता. त्यानं घसा खाकरला.

"साहेब, बाकी झकास. पण शेवटचा सूर जरा उतरलाय का हो?"

"जरा नाही," फूटपट्टी म्हणाला. "बरोबर तेवढाच उतरलाय."