बोटीचं बापू बघेल

"बोटीचं बापू बघेल," आई म्हणाली, आणि जेवणाच्या टेबलावर तीन माणसांचे घास हातातल्या हातात राहिले.

आईच्या पंचाहत्तरीसाठी मुलांनी ही बेटावरची सहल काढली होती. जावई आणि थोरली सून आपापल्या नोकऱ्या सांभाळायला घरी थांबले होते. दादा, ताई, बापू आणि बापूची बायको असे चौघे आईला घेऊन आले होते. टेलिफोन खात्यात दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात आईचा जन्म गेला. तिचं मागणं फार नव्हतं. भाड्याची बोट घ्यायची आणि समोर दिसणाऱ्या छोट्या बेटाला फेरी मारून यायची. आगगाडी झाली, या बेटावर येताना विमान झालं, तेवढी बोट राहिली होती.

आणि ती राहिलेली एक गोष्ट तिनं बापूच्या हवाली केली.

बापू हे शेंडेफळ. त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकांना तो देवमाणूस वाटतो, कारण गिऱ्हाइकांना त्याच्याबरोबर कुठं जायचं नसतं. घरच्या लोकांचा हिशेब वेगळा. पुतणीच्या साखरपुड्याला तो अगदी वेळेवर पोचला होता, फक्त दुसऱ्या दिवशी. एकदा स्टेशनवर मावशीला आणायला गेला तो कुणाच्या तरी भलत्याच मावशीला घेऊन आला. त्या बाई जेवल्या, पडल्या, संध्याकाळी चहा घेऊन गेल्या. आईला त्यांचे अजून फोन येतात. सख्खी मावशी मात्र तेव्हापासून रिक्षानं येते.

त्यामुळे बापूकडे कुणी काही सोपवत नसे. त्यानं मागणंही सोडून दिलं होतं. समारंभात तो खुर्च्या उचले, सामान धरे आणि सगळ्यांच्या मागून चाले. आई बोटीचं बोलली तेव्हा त्यानं आधी मागं वळून बघितलं, दुसरा कुणी बापू आहे की काय.

"मी?" तो म्हणाला.

"मग काय मी जाऊ धक्क्यावर?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापू उन्हानं लाल होऊन परतला. "ठरवली. पांढरी आहे, वर छत आहे, आईला ऊन लागायला नको. बोटवाला सज्जन आहे. उद्या सकाळी आठला धक्क्यावर."

"वा," दादा म्हणाला.

"छानच झालं की रे," ताई म्हणाली. आजारी माणूस पहिल्यांदा उठून बसल्यावर जसं म्हणतात, तसं.

दादा विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. जगातली प्रत्येक वस्तू बुडते, जळते किंवा चोरीला जाते, फक्त कधी एवढाच प्रश्न असतो, असं त्याचं अनुभवाचं मत. जेवण झाल्यावर शतपावलीच्या निमित्तानं तो बाहेर पडला आणि माडाआड उभं राहून त्यानं एका बोटवाल्याला फोन लावला. उद्या नऊला बोट हवी, म्हणाला. बापूची बोट येणार नाही हे सिद्ध व्हायला तासभर तरी द्यायला हवा, असा विचार. बोटवाल्यानं नाव विचारलं. दादानं बापूचं नाव सांगितलं. उद्या बोट आली की ती बापूचीच म्हणून खपवता येईल. आईच्या पंचाहत्तरीला पोराची मान खाली जायला नको.

ताईचं औषधांचं दुकान आहे. एक गोळी लागत असेल तर घरात पाकीट हवं, हा तिचा धर्म. ती हॉटेलच्या काउंटरवर टॉवेल मागायला म्हणून गेली आणि टॉवेलबरोबर बोट घेऊन आली. नऊची. बापूच्या नावानं. "त्याला काही सांगू नका हं," ती काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "मनाला लावून घेतो."

बापूच्या बायकोनं न्हाणीघरात नळ सोडून फोन केला. तिची माया या दोघांपेक्षा काकणभर जास्त, म्हणून तिनं काळजीही जास्त घेतली. नवऱ्यानं आठला धक्क्यावर जाऊन तासभर रिकाम्या समुद्राकडं बघत उभं राहावं, हे तिला सोसणारं नव्हतं. सकाळी बापू उठून घाईघाईनं बूट चढवायला लागला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अहो, निजा जरा. नऊला तर जायचंय."

"आठ म्हणालो होतो ना मी?"

"नऊ म्हणालात."

"असं का," बापू म्हणाला आणि त्यानं एक बूट काढला. स्वतःच्या आठवणीची बाजू घेऊन भांडायचं त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं.

नऊच्या ठोक्याला चौघं धक्क्यावर होती. आईला तिच्या खोलीतून कुणीतरी घेऊन यायचं, हे प्रत्येकानं मनात ठरवलं होतं. कुणी, ते ठरलं नव्हतं.

समोरून एक लाल बोट आली. बोटवाल्यानं हातातला कागद बघून बापूच्या नावानं हाक मारली.

दादानं बापूच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास. आणलीस की रे बोट."

"पण ही लाल आहे," बापू म्हणाला.

"उन्हात दिसतं तसं."

एवढ्यात निळी बोट आली. तिच्यातूनही बापूच्याच नावाची हाक आली. "अगबाई, आली की बापूची बोट," असं म्हणून ताई हसली, आणि तिचं लक्ष लाल बोटीकडं गेलं. तिनं दादाकडं पाहिलं. दादा माडाचे झाप मोजत होता. मग हिरवी आली. बापूची बायको पदराचं टोक पिळत राहिली.

लाल बोटवाला निळ्याला म्हणाला, "हे गिऱ्हाईक माझं आहे."

"कागदावर नाव आहे माझ्या."

"माझ्या काय भाजीचा हिशेब आहे?"

बापू तिन्ही बोटींकडं आळीपाळीनं बघत होता. मग तो दोर बांधायच्या खुंटावर हळूच बसला.

"म्हणजे मी तीनदा ठरवली," तो म्हणाला.

"तसं नाही रे," ताई म्हणाली.

"नाव माझं, वेळ माझी. आणि मला आठवतेय ती चौथीच, पांढरी. म्हणजे अजून किती येतील कोण जाणे." त्यानं क्षितिजाकडं पाहिलं. "दादा, मी डोळे तपासतो रे लोकांचे. उद्या एखाद्याला भलता नंबर दिला तर गाडीखाली जायचा बिचारा. मी घरी गेलो की दुकान बंद करतो."

"दुकान कशाला बंद करतोस?"

"मग तू सांग. हे चांगल्या डोक्याचं लक्षण आहे?"

त्याच्या आवाजात कसली कुरकुर नव्हती, हेच वाईट होतं. बापूची मान खाली जाऊ नये म्हणून तिघांनी तीन बोटी आणल्या होत्या आणि ती मान आता पार गुडघ्यापर्यंत आली होती.

दादा खाकरला. "लाल माझी आहे."

"तुझी?"

"अशीच. राखीव म्हणून."

"निळी मी सांगितली," ताई म्हणाली. "म्हटलं असू दे जास्तीची."

बापूनं बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "हिरवी."

बापूचा चेहरा उजळला. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे." पण लगेच तो पुन्हा उतरला. "मग माझी कुठंय? तेवढी एकच नाही आली."

ती येणार नाही हे दादाला दोन दिवसांपासून माहीत होतं. पण बापूच्या बायकोला आता राहवेना.

"अहो, तुम्ही आठच म्हणाला होतात. नऊ मी केलं. तुम्ही उगाच ताटकळत उभे राहाल म्हणून."

लाल बोटवाला मधेच म्हणाला, "पांढरी ना, छतवाली? ती आठला लागली होती इथं. गेली."

"रिकामी गेली?" बापूनं विचारलं.

"रिकामी कशाला? एक आजी बसल्या होत्या. मोठी टोपी, हातात पिशवी. बराच वेळ वाट बघितली त्यांनी. मग म्हणाल्या, चल बाबा, उन्हं वाढतील."

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. कुणीतरी आईला आणेल म्हणून आई सगळ्यांच्याच हिशेबातून सुटली होती. ताईनं दादाचा दंड धरला. "तिला पोहता येत नाही."

"तिला बोटीत बसायचंय, बोट ढकलायची नाहीये," दादा म्हणाला, पण त्याच्या कपाळावर घाम आला होता. एवढ्यात छोट्या बेटाला वळसा घालून एक पांढरा ठिपका निघाला. ठिपका मोठा झाला, त्याला छत आलं, छताखाली टोपी आली, आणि टोपीखाली पेरू खात बसलेली आई आली.

"झोप झाली का सगळ्यांची?" बोट धक्क्याला लागताच तिनं विचारलं.

बापू पुढं झाला. "आई, तू आठला आलीस?"

"आठ म्हणाला होतास ना तू?" आई म्हणाली. "मग मी कधी यायला हवं होतं?"

बापूनं नुसता बोटीचा काठ घट्ट धरून ठेवला, जणू ती पळून जाणार होती.

"चांगली बोट केलीस," आई म्हणाली. "मासे उड्या मारताना पाहिले. म्हटलं एकटीनं काय मजा, या झोपाळूंना घेऊन दुसरी फेरी मारू." मग तिची नजर लाल, निळ्या आणि हिरव्या बोटींवर गेली. "या कुणाच्या?"

दादा पुन्हा झाप मोजू लागला. ताईनं पर्स उघडून आत काहीतरी शोधायला घेतलं. बापूनं एकदा भावाबहिणीकडं पाहिलं, एकदा बायकोकडं पाहिलं.

"माझ्याकडून चुकून जास्तीच्या ठरल्या, आई," तो म्हणाला.

"असू दे गं," दादा मोठ्या मनानं म्हणाला. "पहिल्यांदाच जबाबदारी घेतली पोरानं. थोडं मागंपुढं व्हायचंच." आणि तो पांढऱ्या बोटीत पाय टाकायला पुढं आला.

आईनं पेरूचा देठ पाण्यात टाकला. "तू कुठं निघालास?"

"बसतो की."

"कुठली तुझी? लाल ना? माडाआड उभं राहून ओरडत होतास फोनवर, खिडकीतून सगळं ऐकू आलं. आणि टॉवेल आणायला कुणी पर्स घेऊन जातं का, ताई? जा, आपापल्या बोटीत बसा. भाडं भरलंय, वाया घालवू नका."

"आई, मी पण?" बापूच्या बायकोनं विचारलं.

"हिरवी छान आहे गं. तुझ्या साडीला शोभते."

पांढरी बोट पुढं निघाली. आईच्या शेजारी बापू बसला होता. कुठल्याही घरच्या कार्यात सगळ्यांच्या पुढं जाण्याची त्याची ही पहिलीच वेळ. मागून लाल बोटीत एकटा दादा, निळ्या बोटीत एकटी ताई आणि हिरव्या बोटीत एकटी त्याची बायको, अशी तिघं हात मांडीवर ठेवून, शाळेच्या फोटोला बसल्यासारखी येत होती.

बापूला काही स्वस्थता नव्हती. घटकेघटकेला तो वळून बघत होता.

"सारखा मागं काय बघतोस?" आईनं विचारलं.

"येतायत का नीट, ते बघतोय. चुकतीलबिकतील."

"येतील रे," आई म्हणाली आणि तिनं पिशवीतून दुसरा पेरू काढून त्याच्या हातात दिला. "थोडा विश्वास ठेवावा माणसानं."