लाळेरं आणि राहिलेला डोहाळा

‘लाळ’ हा शब्द कुठून आला, हे सासूबाईंना समजावून सांगायचं मी ठरवलं आणि तिथेच माझी वाट लागली.

त्याचं असं झालं. आमच्या सुयोगच्या उष्टावणाला मुलुंडच्या वन बीएचकेमध्ये सगळं गणगोत जमलं होतं. खिरीचं पहिलं बोट चाटायच्या आधीच चिरंजीवांनी हाताशी असलेली सगळी लाळेरी भिजवली. मालवणहून आलेल्या सासूबाईंनी नवं बांधलं आणि सर्वांदेखत माझ्याकडे पाहिलं.

"डोहाळे ऱ्हवले की पोराची लाळ गळता. जावयबापू, माझ्या जान्हवीचा काय खावचा ऱ्हवला?"

गरोदर बायकोला तरसवणारा नवरा, असं मावश्या-आत्यांचं माझ्याविषयी मत तयार होताना मला दिसत होतं. (ते एकदा झालं की बदलत नाही. कुणाच्या तरी लग्नात दोनदा श्रीखंड मागणारे एक मामा अजून श्रीखंडमामाच आहेत.)

घाबरलो की मी विद्वान होतो.

"आई, ‘लाळ’ हा शब्द मूळ संस्कृत ‘लाला’वरून आलाय. लाला म्हणजे तोंडाला सुटलेलं पाणी. त्याची झाली लाळ, आणि लाळेवरून लाळेरं. यात डोहाळा कुठेच येत नाही."

"शब्द खंयसून इलो ता मगे सांगा. आधी लाळ खंयसून येता ता सांगा."

तेवढ्यात जान्हवी म्हणाली, "आई, काही राहिलं नाही गं. माझ्या ओल्या बोंबलांसाठी हा भर उन्हात खारदांड्याला गेलेला. साकीनाक्याला ट्रॅफिकमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. पोराला दात येतोय, बोट घालून बघ."

सासूबाईंनी सुयोगच्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली.

बोंबलांचं सगळं खरं होतं, पण ऐनवेळी मला आठवेल तर शपथ. त्या क्षणी बायकोचे इतके उपकार वाटले की मी मनातल्या मनात तिला हात जोडले, आणि त्या न दिसणाऱ्या दातालाही.

जेवणानंतर कृतज्ञ मनाने आणि खिरीने भरलेल्या पोटाने मी सोफ्यावर जरा टेकलो. जाग आली ती हनुवटीखाली काहीतरी मऊ लागल्यामुळे.

सासूबाई माझ्या गळ्यात लाळेरं बांधत होत्या आणि शेजारी बसलेल्या माझ्या आईला विचारत होत्या, "विहीणबाई, तुमचा काय खावचा ऱ्हवला होता?"