दीपचंदशेठच्या गच्चीवरचे बिबडे

लोकांमध्ये एकी कशी करायची, हे कोणीही मला विचारावं! सहकारी संघात कारकुनी करतो मी. सहकारावरची भाषणं ऐकून ऐकून कान किटलेत आणि त्यातली निम्मी तोंडपाठ झालीत. अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, झाली आणि मी ठरवलं, आपल्या मेहरूणच्या गल्लीला एक करून दाखवायचं. आणि तेही बिबड्यांवर!

बिबडे म्हणजे काय, ते खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. आंबवलेल्या ज्वारीचा तिखट, लसूण, तीळ घालून घाटा शिजवायचा आणि ओल्या लुगड्यावर थापून उन्हात वाळवायचा. त्याशिवाय आमचा उन्हाळा सरत नाही आणि लग्न तर लागतच नाही. पण रीत कशी? जी ती आपापल्या अंगणात, आपापल्या कावळ्यांशी भांडत! मी म्हटलं, दीपचंदशेठची एवढी ऐसपैस गच्ची आहे. अख्ख्या गल्लीचे बिबडे एकाच दिवशी तिथं थापायचे. राखण सगळ्यांची, जबाबदारी सगळ्यांची!

"अहो, संघातल्या पोत्यांवर निदान नावं तरी असतात," आमची सौ. म्हणाली. "बिबड्यावर नाव कुठं लिहाल?"

"हेच! हे आपलं-तुपलंच घालवायचंय मला!"

ती काही बोलली नाही. ती काही बोलली नाही की मला आपण जिंकलो असं वाटतं.

ठरल्या दिवशी गच्चीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. शेजारच्या रुक्माबाईंनी तर पहाटेच येऊन थापले, कारण त्यांच्या सुमनचं लग्न आठवड्यावर आलं होतं. नवरा नाही, हाताखाली कोणी नाही. रुखवतात ठेवायचे आणि पंगतीत वाढायचे सगळे बिबडे त्या एका लुगड्यावर! थापून झाल्यावर त्यांना मुलाकडच्यांशी बोलायला पाचोऱ्याला जायचं होतं.

"भाऊ, मी पाचोराले जाई राहिनू. मनी पोरनं लगीन शे, इतलं ध्यानमा ठेवा!"

"अक्का, तुमचे बिबडे ते माझे बिबडे!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो. पुढं हे वाक्य मी जरा जास्तच पाळलं.

दुपारपर्यंत सगळं झकास. बिबडे वरून सुकले, आतून ओलसर. मी छत्री घेऊन सेनापतीसारखा फेऱ्या मारत होतो. आणि तेवढ्यात मेहरूणच्या तलावाकडून ही भली मोठी वावटळ उठली! धुळीनं आभाळ लाल!

"धावा!" मी जिन्यातून ओरडलो. "आपलं-तुपलं बघू नका! हाताला लागेल ते उचला!"

माझं इतकं कोणी आजवर ऐकलं नव्हतं. सगळी गल्ली वर धावली आणि ओच्यात, टोपल्यात, टोपीत, मिळेल त्यात बिबडे कोंबून दीपचंदशेठच्या दिवाणखान्यात ओतून मोकळी झाली. वावटळ गेली. एक बिबडा वाया गेला नाही. फक्त कोणता कोणाचा, हे देवालाही सांगता आलं नसतं!

"माझ्यात तीळ जास्त आहेत," रेल्वेत कामाला असलेल्या आधारची बायको द्रौपदाबाई म्हणाली. "पण खाल्ल्यावर कळेल."

"मग चाखा!" मी हुकूम सोडला. "प्रत्येकीनं चाखून आपले वेगळे काढायचे!"

आता खानदेशी माणसाच्या हातात अर्धवट वाळलेला बिबडा देणं म्हणजे मांजराला दुधाची राखण देणं! कोणीतरी शेंगदाण्याचं कच्चं तेल आणलं. "एकानं नक्की होत नाही बाई, अजून एक बघते!" असं सगळ्याच म्हणू लागल्या. दीपचंदशेठच्या आई हीराबाई जैन, त्यांना लसूण वर्ज्य. म्हणून त्यांचे बिनलसणाचे शोधायला त्यांच्या वतीनं मी चाखू लागलो. वास घेऊनही कळलं असतं, पण हे कोणाला सुचलं नाही, किंवा सुचूनही कोणी बोललं नाही. द्रौपदाबाईच्या घरी पाणी प्यायलाही काचकूच करणारे लोक तिचे बिबडे मागून मागून खात होते!

"बन्सीभाऊ, सापडले का माझे?" हीराबाईंनी विचारलं.

"अजून खात्री नाही, हीराबाई!" मी तोंड भरून म्हणालो.

खात्री झाली तेव्हा चुरा उरला होता. आणि दारात रुक्माबाई उभ्या होत्या.

"मना बिबडा कोठे शेतस?"

सगळ्यांच्या नजरा चुऱ्याकडे गेल्या. त्या मटकन खालीच बसल्या. "आते मी पोरनं रुखवत कसानं मांडू भाऊ?" मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तोंडात अजून लसूण होता आणि गिळवत नव्हता.

आधी हीराबाई उठल्या. आतून ज्वारीची पाटी आणून रुक्माबाईंसमोर ठेवली. मग द्रौपदाबाई घरी पळाली, तीळ घेऊन आली. मग घराघरातून ज्वारी! ती तिथंच भिजली, आंबली, दळली गेली, आणि लग्नाच्या आत त्याच गच्चीवर सगळ्या बाया रुक्माबाईंचे बिबडे थापत होत्या. हीराबाई तर नाकाला पदर लावून लसणाचे बिबडे थापत होत्या! मला गच्चीवर बंदी होती. मी तीन दिवस जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून "काही लागलं तर सांगा" म्हणत होतो. काहीच लागलं नाही.

लग्न थाटात झालं. पंगतीत पाचोऱ्याच्या व्याह्यांनी बिबडा मोडला, खाल्ला, दुसरा मागितला. "वा! हे कोणाच्या हातचे हो?"

मी घसा साफ केला. सहकारावरचं भाषण ओठांवरच होतं. उठून उभाच राहिलो!

"याले बठ्ठी गल्लीना हात लागेल शे," रुक्माबाई डोळे पुसत म्हणाल्या, आणि माझ्याकडे बोट दाखवून हसल्या, "ह्या भाऊले सोडीसन!"

सगळ्या गल्लीचा हात लागला, एक मला सोडून! सगळा मांडव हसला. आमची सौ. तर सर्वांत जास्त. आता उभा राहिलोच आहे, म्हणून मी मठ्ठ्याची बादली उचलली आणि वाढत सुटलो.