कॅप्टनचं म्हणणं

नागापूरच्या कारखान्यात तीस वर्षं नुसत्या आवाजावरून मशीनचा बिघाड सांगणाऱ्या भीमराजांना कुत्र्याच्या मनातलं ओळखणं म्हणजे डाव्या हातचा मळ. निवृत्तीनंतर त्यांनी मोबाईलवर शेपटीचा रीतसर अभ्यास केला. कान मागं गेले की भीती, जांभई आली की ताण. सावेडीतल्या अर्ध्या कॉलनीला त्यांनी हे समजावलं होतं. उरलेली अर्धी त्यांना बघून रस्ता बदलायची.

त्या रविवारी मेहुणा सहादेव शेवगावहून आला. भाचीच्या लग्नात मामाला फोटोसाठी बोलवायचं राहिलं, म्हणून दोन वर्षं त्यानं या घरचं पाणी वर्ज्य केलं होतं. विमलबाईंनी फोनवर रडून रडून धाकट्या भावाला आणलेलं. "जय भीम, दाजी," म्हणत तो सोफ्यावर टेकला, पिशवी पायाशी ठेवली, आणि घरचा कुत्रा कॅप्टन ताठ झाला. कान पुढं, शेपटी उभी, पापणी लवेना.

"पिशवीत काहीतरी संशयास्पद आहे," भीमराज म्हणाले.

"अहो," विमलबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"मी नाही, कॅप्टन म्हणतोय. पोलिसांची कुत्री अशीच उभी राहतात."

सहादेवनं ओठाला लागलेला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "मंजी मी चोर हाय?"

"तुम्ही नाही हो. पिशवी."

"पिशवी माजीच हाय न्हवं?"

त्यानं ती तिथंच उलटी केली. टॉवेल, बीपीच्या गोळ्या, बहिणीसाठी हिरवी साडी आणि कागदात बांधलेले सुके बोंबील. पुडकं जमिनीला लागायच्या आत कॅप्टन ते घेऊन दिवाणाखाली पसार.

"अक्का, पाहुनचार लई झाला," म्हणत सहादेवनं पिशवी भरली आणि रिक्षा गाठली.

"दोन वर्षांनी माझ्या भावानं या घरातला ग्लास हातात धरला होता," विमलबाई म्हणाल्या.

"पण कॅप्टनचं चुकलं कुठं? पिशवीत होतंच की काहीतरी."

भीमराजांना खरंच संताप आला होता. या घरात अभ्यासाला काडीची किंमत नाही. विमलबाईंनी त्यांच्या एका हातात स्कूटरची किल्ली दिली, दुसऱ्या हातात कॅप्टनचा पट्टा.

"दोघं जा. दोघांनी मिळून घालवलाय."

स्टँडवर शेवगावची एसटी सुटायच्या बेतात होती. खिडकीत सहादेव. त्याचा वास येताच कॅप्टननं पुढचे पाय एसटीवर टेकले आणि शेपटीचा नुसता पंखा केला.

"बघा मेहुणे," भीमराजांना एकदम हुरूप आला, "माफी मागतोय तो."

"त्यानं मागितली, मी दिली. त्यानं माजे बोंबील तरी गोड मानून खाल्ले." सहादेवनं खिडकीतून त्यांच्याकडं रोखून पाहिलं. "तुमी कवा मागनार, दाजी?"

भीमराजांचे कान तापले. तीस वर्षांत त्यांनी मॅनेजरपुढंही मान तुकवली नव्हती. त्यांनी कॅप्टनकडं पाहिलं. तो शेजारच्या बाईची भेळ न्याहाळत होता.

"चुकलं," ते एसटीच्या टायरला म्हणाले.

दारातून कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं.

"काका, जरा मोठ्यानं म्हणा. इंजिन चालू आहे, पाहुण्यांना ऐकू गेलं नसंल."